लहानपणीचा बाप्तिस्मा 'कळला नव्हता' म्हणून बाद?

माझगावकर
आमचा धाकटा भाऊ जन्मापासून बधिर. आम्ही कॅथलिक, त्यामुळे तान्हा असतानाच त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, झाला. आता तिशीत तो मालाडच्या एका पेंटेकॉस्टल (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळीत जायला लागलाय. तिथे पास्टरांची मिसेस हातांच्या खुणांच्या भाषेत फर्स्ट क्लास साइन करते. मंडळीचं म्हणणं, पुन्हा पाण्यात उतर. पहिला बाप्तिस्मा तुला कळलाच नव्हता, म्हणजे तुझं तारण, पापातून सुटका, झालेलं नाही.
अहो, तान्ह्या बाळाला कान असले तरी काय कळतं? कृपा म्हणजे काय दहावीची परीक्षा आहे? पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर आम्ही प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्माही मानतो, परत देत नाही. मग आमचाच का पुसायचा? आणि बधिरांकडे कॅथलिकांनी पाहिलंच नाही, हे तर ऐकवूच नका. माझगावची मूकबधिरांची शाळा 1880 च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ती.

पाळकपुत्र
शाळा काढली, मान्य. पण तारण शाळेच्या दाखल्यावर मिळत नाही. बायबलमध्ये मार्क 16:16 उघडा, विश्वास आधी येतो, बाप्तिस्मा नंतर. तुमच्या भावाने इतकी वर्षं मिस्सा, चर्चमधली उपासना, पाहिली. फादरांचे ओठ हलतायत, लोक उठले की हा उठतोय, बसले की बसतोय. येशू कोण, हे त्याला हातांनी कोणी सांगितलं होतं? आमच्या लोकांनी सांगितलं आणि तो स्वतः हो म्हणाला. हा त्याचा पहिलाच बाप्तिस्मा.

कुलाबा_सीएनआय
दोघांनीही जरा दमानं. 'विश्वास ऐकण्याने होतो' या रोम 10:17 वरून बधिरांना किती काळ बाहेर ठेवलं गेलं! जन्मजात बधिरपण विश्वासाच्या आड येतं, असं प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीनने लिहिलंय. त्याच ऑगस्टीनने खुणांनी बोलणाऱ्या बधिरांचा दाखला दुसरीकडे दिलाय, तो मात्र कोणी काढत नाही.
तारण कृपेने होतं यावर कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) यांनी 1999 मध्ये ऑग्सबर्गला सह्यासुद्धा केल्या. आमच्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तर 1970 पासून बाळाचा आणि मोठ्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे चालतात.

वसई_रोड
मी कॅथलिकच, पण माझगावकर, कन्फेशनचं, फादरांपुढे पापं कबूल करण्याचं, काय ते बोला. जाळीच्या अंधाऱ्या खोक्यात हात दिसतात का? साइन करायची तर समोरासमोर बसून, उजेडात. मग मागच्या बाकावरच्यालाही पापं वाचता येतात. चर्चच्या कायद्यात दुभाष्या चालतो (कलम 990), त्यालाही गुप्तता पाळावीच लागते. पण पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) साइन येणारी एकच बाई, आणि ती आपलीच मावशी निघाली तर?

पाळकपुत्र
म्हणून म्हणतो, मध्ये कोणी नकोच. थेट देवापुढे.

बघणारा
मी बधिर आहे. थेट देवापुढे म्हणता, तर तुमच्याच पंथाच्या एका सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून कान उघडायची प्रार्थना का केली? कान उघडले नाहीत, तेव्हा माझा विश्वास कमी पडला म्हणे! मार्क 7 मध्ये येशू त्या बधिराला आधी गर्दीतून बाजूला नेतो. मग कानात बोटं, जिभेला स्पर्श, नजर आकाशाकडे. सगळं त्याला दिसेल असं. मला स्टेजवर, माइकसमोर उभं केलं होतं.
आणि प्रार्थनेत न शिकलेल्या, अन्य भाषेत बोलणं ही आत्म्याने भरल्याची खूण धरता, तर माझ्या हातांनी केलेलं त्यात मोजणार का?
माझगावकर, एवढं लिहिलंत, पण भावाला काय हवंय?

माझगावकर
तो म्हणतो, शिंपडा नाहीतर बुडवा, मला तिथलं सगळं कळतं.

पाळकपुत्र
झालं तर मग!

माझगावकर
झालं काय? जाऊ दे की रोज. पाण्यात मात्र उतरायचं नाही. आईने निक्षून सांगितलंय त्याला.

बघणारा
आईला साइन येते?

माझगावकर
थोडीफार. जेवण, औषध, लग्न कधी करतोस, एवढी.