विमानावर वीज 'पडते' का?

सांबऱ्याचा
एका विज्ञान मासिकासाठी भाषांतर करतोय. विमानाला विजेचा झटका बसला तर आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काय होईल, याचं संगणकावर मॉडेलिंग कसं करतात, हा विषय. अडलंय या वाक्यावर: 'विजेमुळे विमानातल्या विजेच्या तारांत वीज निर्माण होते.' तिन्ही वीजच! 'तडित' संपादकांना नको. आणि मॉडेलिंगला 'प्रतिमानन' चालेल?

खानापूरकर
तडित पोथीत ठेवा. आमच्याकडं घोटाळाच नाही ओ. तारेतली ती लाईट, आभाळातली ती वीज.

चिकोडी मास्तर
लाईट म्हणजे उजेड! शाळेच्या पुस्तकात 'प्रवर्तित विद्युतधारा' आहे, ती तिसऱ्या जागी घाला. दुसरीकडे नुसत्या 'तारा'. पहिली वीज राहू दे.

केबलवाला
याच कामात आहे म्हणून सांगतो, 'वीज पडते' हेही लिहू नका. बहुतेक वेळा सुरुवात विमानापासूनच होते. भारित ढगाजवळ नाक, पंखांची टोकं इथून ठिणगीची वाट फुटते. प्रवाह एका टोकातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो. गणितात शिखर प्रवाह २ लाख अँपिअर धरतात, तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. तारांना वीज शिवतही नसेल, पण चुंबकीय क्षेत्र इतक्या झपाट्यानं बदलतं की त्यांत व्होल्टेज उमटतं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बरंच अडवतो. कार्बन फायबर कमी, म्हणून त्यात तांब्याची जाळी घालतात. मास्तर, तिथं मोजतात ते व्होल्टेजही, नुसती धारा नाही.

सांबऱ्याचा
मग 'पडते'ऐवजी काय?

निपाणी९
कन्नडात बघा की. चमकते ती मिंचु, येऊन बडवते ते सिडिलु, गडगडतो तो गुडुगु. आपल्याकडं पहिल्या दोन्हींना वीजच. सिडिलु घ्या, काम झालं.

चिकोडी मास्तर
पुण्यात कोण वाचणार सिडिलु? सीमेवर राहतो म्हणून मराठी पातळ करायची का?

निपाणी९
तूप वाढून घेताना नाही विचारलंत कुठलं ते! 'तुप्प' कन्नडच.

चिकोडी मास्तर
तूप 'तृप्त'वरून आलंय. माझे आजोबा सांगायचे.

खानापूरकर
आजोबा काय व्युत्पत्तिकोश होते? निपाणी, 'बडवणे' पण तुमच्या 'बडि'वरूनच म्हणायचं का मग?

निपाणी९
होय की वो. हे बघा, 'सिडिलु बडियितु'.

सांबऱ्याचा
मंडळी, सोमवारी प्रत द्यायचीय.

चिकोडी मास्तर
थांबा हो जरा. 'बडवणे' कन्नड म्हणता, मग बडग्याचं काय?