सल्ला हवा: बोरघाटाच्या मांडणीत सांध्यांच्या मोटर आणि सिग्नलचे वायरिंग

कर्जत_धीमी (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. घरी एचओ मापाची (1:87, रुळांतले अंतर 16.5 मिमी) रेल्वे उभी करतोय. कोथरूडचे जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून मुलीने ध्यासच घेतलाय. विषय आपला बोरघाट. खाली कर्जतसारखे लूप लाइन (मेन लाइनपासून फुटून पुन्हा तिलाच मिळणारा रूळ) असलेले स्टेशन, वर केबिन आणि उतरत्या मार्गावर एक कॅच सायडिंग (ताबा सुटलेली गाडी अडवणारा बाजूचा चढाचा रूळ). चढ खऱ्यासारखा 1:37 ठेवलाय, म्हणजे मीटरला 27 मिमी. दोन डब्यांची गाडी व्यवस्थित चढते.

रूळ टाकून झालेत, डीसी कंट्रोलरवर गाड्या धावतात. आता सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) आणि सिग्नल. एका नातेवाइकांनी इंग्लंडहून पेको कंपनीच्या पीएल-10 या सांधा फिरवणाऱ्या मोटर आणून दिल्यात, पण सगळ्या सांध्यांना त्या पुरत नाहीत. उरलेल्यांना काय लावू? खटके म्हणून साधे टॉगल चालतील का? आणि सांधा लूपकडे वळला की सिग्नल आपोआप पिवळा व्हावा, ही मुलीची अट आहे. मला सोल्डरिंग येते, प्रोग्रॅमिंग जेमतेम.

लीड्सकर

पीएल-10 ला साधा टॉगल अजिबात लावू नका. तिच्यात दोन कॉइल असतात आणि सांधा फेकायला क्षणभराचा झटका पुरतो. टॉगल चालू राहिला तर कॉइलमधून प्रवाह वाहतच राहतो आणि ती काही सेकंदांत जळते. पुश बटण घ्या किंवा मधोमध परत येणारा स्प्रिंगचा टॉगल.

त्यातही बटण अडकू शकते, म्हणून मध्ये सीडीयू (कपॅसिटर डिस्चार्ज युनिट) हवेच. कपॅसिटर भरून ठेवायचा आणि बटण दाबले की सगळा भार एकदम कॉइलमध्ये सोडायचा, एवढेच त्याचे काम. घरी बनवता येते: 16 व्होल्ट एसी, ब्रिज रेक्टिफायर, मग प्रवाह मर्यादित ठेवणारा रेझिस्टर (नाहीतर बटण अडकल्यावर प्रवाह वाहतच राहील), वर 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. 16 एसीचे रेक्टिफाय झाल्यावर 21-22 व्होल्ट होतात, तेव्हा 25 व्होल्टचा कपॅसिटर काठावर पडतो. 35 चा घ्या.

वायर जाड हवी. झटका क्षणाचा असला तरी काही अँपिअरचा असतो, लांब आणि बारीक वायरीत तो निम्मा विरतो आणि सांधा अर्धवट फिरतो. मी 0.5 चौरस मिमी वापरतो.

उरलेल्या सांध्यांना टॉर्टॉइजसारखी हळू फिरणारी मोटर सुंदर. 12 व्होल्ट डीसी, शेवटाला टेकून थांबली तरी जेमतेम 16 मिलिअँपिअर घेते, त्यामुळे सतत चालू ठेवली तरी चालते. हिला मात्र साधाच टॉगल लागतो, डीपीडीटी (दोन तारा एकदम बदलणारा), कारण दिशा बदलायची तर प्लस-मायनस उलटवायचे असतात. आत संपर्कांचे दोन संचही मिळतात, एक फ्रॉगला (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला), एक सिग्नलला.

तांबडी_तार (नाशिक)

टॉर्टॉइज चांगलीच, पण भारतात मागवायची तर वाहतूक आणि कस्टम धरून एका सांध्याचा हिशेब फार वर जातो. एसजी90 सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो. हालचाल हळू ठेवता येते, खऱ्या सांध्यासारखी सरकत जाते, आणि ते बघण्यातच खरी मजा आहे.

प्रोग्रॅमिंगला घाबरू नका. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड) आणि पीसीए9685 चे सोळा सर्व्होंचे बोर्ड, बस. सर्व्होची तयार लायब्ररी आहे, तुम्हाला प्रत्येक सांध्याचे दोन कोन तेवढे ठरवायचे. मात्र सर्व्होंना वीज नॅनोच्या 5 व्होल्टच्या पिनेवरून कधीच देऊ नका. 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्या आणि दोन्हींचे मायनस एकत्र जोडा. हे मायनस जोडायचे राहिले की सर्व्हो थरथरत राहतो आणि माणूस उगाच सर्व्होला दोष देतो.

प्लायमधून वर येणारी स्टीलची तार 12 मिमी प्लायला 1 मिमीची तरी हवी. बारीक तार सांधा हलवण्याऐवजी स्वतःच वाकते. पेकोच्या सांध्यात सरकत्या रुळांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळ एक स्प्रिंग असते, सर्व्हो किंवा टॉर्टॉइज लावताना ती काढा. पीएल-10 असेल तिथे राहू द्या, तिथे तीच सांधा धरून ठेवते.

सिग्नलच्या एलईडींना लॅन केबल सोलून आतल्या आठ तारा वापरा, रंग वेगवेगळे मिळतात. पीएल-10 ला त्या चालणार नाहीत.

सांधेवाला_भुसावळ

आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेले, म्हणून तुमच्या मुलीच्या अटीबद्दल आधी बोलतो. तिने अगदी बरोबर जागी बोट ठेवले आहे. सिग्नलचा रंग खटक्यावरून ठरवू नका, सांध्यावरून ठरवा. खऱ्या रेल्वेत केबिनमध्ये बटण दाबले म्हणून सिग्नल मिळत नाही. टंग रेल (सांध्याचा सरकणारा रूळ) खरोखर जाऊन चिकटली, कुलूप बसले, हे डिटेक्शनमध्ये, म्हणजे सांध्याच्या तपासणीच्या सर्किटमध्ये, सिद्ध झाले तरच सिग्नल लाल सोडतो. वर कुणी सांगितले की मोटरमधल्या संपर्कावर सिग्नल जोडा. स्टेशनात चालेल. पण तो संपर्क मोटर फिरल्याचे सांगतो, टंग रेल फिरल्याचे नाही. तार वाकली, रुळात खडी अडकली, तरी मोटर आपली फिरून मोकळी.

म्हणून सांध्याच्या आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना लांब पातीचे हलके मायक्रोस्विच बसवा, मेन लाइनला एक, लूपला एक. जोडणी अशी (मायक्रोस्विचचे तीन पाय: कॉमन म्हणजे सामाईक, एनओ पाती दाबल्यावर त्याला जोडला जाणारा, एनसी दाबल्यावर तुटणारा): 12 व्होल्टचा प्लस सिग्नलच्या टॉगलच्या मधल्या पायाला. टॉगलची एक बाजू थेट लाल दिव्याला. दुसरी बाजू मेनच्या स्विचच्या कॉमनला. त्याचा एनओ हिरव्याला, एनसी लूपच्या स्विचच्या कॉमनला. लूपच्या स्विचचा एनओ पिवळ्याला आणि एनसी परत लाल दिव्याला. सांधा मेनला पूर्ण लागला तर हिरवा, लूपला पूर्ण लागला तर पिवळा, मध्ये अडकला तर टॉगल काहीही म्हणो, लाल. डायोड लागत नाही, प्रोग्रॅमही लागत नाही. रेझिस्टर प्रत्येक दिव्याला स्वतंत्र लावा, 12 व्होल्टला 1 किलोओम ठीक.

होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याचा) करताय तर वर पाच पांढऱ्या दिव्यांचा रूट इंडिकेटरही करा, गाडी लूपवर घेताना पिवळ्याबरोबर तो लागतो. पाच पांढरे एलईडी एका माळेत 12 व्होल्टवर पेटणार नाहीत, प्रत्येकाला 3 व्होल्ट लागतात. तीनची माळ 470 ओमवर, दोनची 1 किलोओमवर, म्हणजे उजेड सारखा येईल. दोन्ही माळा पिवळ्याच्याच तारेवर. लाल दिवा सर्वांत खाली. होमच्या आधी सूचना देणाऱ्या डिस्टंट सिग्नलला लाल नसतोच: पिवळा, दोन पिवळे, हिरवा.

आता कॅच सायडिंग. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथला सांधा एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. ब्रेक गेलेली गाडी मेन लाइनवर धावत सुटण्याऐवजी चढाच्या सायडिंगवर जाऊन थांबावी, हा हेतू. म्हणून प्रत्येक गाडी आधी सिग्नलपाशी थांबते, ती ताब्यात आहे हे कळल्यावर सांधा मेनला फिरतो आणि मग सिग्नल मिळतो. तुमच्याकडे इथे मेनचा एकच मायक्रोस्विच पुरे, त्याचा एनसी थेट लालला. सायडिंगकडे हिरवा किंवा पिवळा कधीच देऊ नका.

कर्जत_धीमी (डोंबिवली)

काका, हे वाचून मुलीने लगेच कागदावर जोडणी काढली आणि चारही शक्यता तपासल्या. बरोबर येते! असे ठरवतोय: स्टेशनच्या मागच्या यार्डात पीएल-10 आणि सीडीयू, मेन लाइनवर आणि कॅच सायडिंगला सर्व्हो. दोन शंका. सिग्नल लाल असताना गाडी आपोआप थांबवता येईल का? आणि सांधे इलेक्ट्रोफ्रॉग (फ्रॉगमधूनही वीज वाहणारे) आहेत, त्यांच्यासाठी आणखी वेगळा स्विच लागेल?

लीड्सकर

फ्रॉगला वेगळा संपर्क हवा, सिग्नलच्या 12 व्होल्टशी त्याची गाठ पडू देऊ नका. सर्व्होच्या सांध्याला आणखी एक मायक्रोस्विच, त्याचा कॉमन फ्रॉगला, बाकी दोन पाय दोन रुळांना. हा सर्व्होच्या हातावर बसवलात तरी चालेल. पीएल-10 ला वेगळा जोडस्विच मिळतो. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे, वीज न वाहणारे तुकडे) लावलेत ना? नसतील तर सांधा फिरताच शॉर्ट होईल.

सांधेवाला_भुसावळ

गाडी थांबते. सिग्नलच्या अलीकडे इंजिनाच्या लांबीपेक्षा थोडा मोठा तुकडा एका रुळात दोन्हीकडून तोडून वेगळा करा आणि त्याची वीज 12 व्होल्टच्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) एनओ संपर्कातून द्या. रिलेची कॉइल हिरव्याच्या तारेवर, रेझिस्टरच्या आधी. हिरवा लागला की तुकडा जिवंत, नाहीतर मेलेला. रिले मायक्रोस्विचच्या पलीकडे असल्यामुळे सांधा मेनला लागल्याशिवाय गाडी हलूच शकत नाही. स्टेशनच्या होम सिग्नलवर हेच केलेत तर पिवळ्यालाही दुसरा रिले लागेल, नाहीतर लूपची गाडी बाहेरच उभी राहील.

तांबडी_तार (नाशिक)

प्रत्येक रिलेच्या कॉइलवर 1एन4007 डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसला. नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका त्याच तारेवरच्या हिरव्या एलईडीला बसतो. आणि डोंबिवलीच्या पावसाळी हवेत आम्लाचा फ्लक्स वापरू नका, सोल्डरचे जोड हिरवे पडून तुटतात. राळेचा फ्लक्स, आणि तक्त्याखाली प्रत्येक तारेला नंबर.

कर्जत_धीमी (डोंबिवली)

जॉइनर लावलेत. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, यादीत रिले आणि डायोड वाढवले. आधी कॅच सायडिंगच करणार. सर्वांचे मनापासून आभार.