अनुभव धागा: अडलेला घटक केव्हा बाजूला ठेवावा?

एखादा घटक काही केल्या डोक्यात शिरत नसताना तो सोडून पुढे जाण्याचा निर्णय आपण कशाच्या आधारे घेतला, ते येथे लिहावे. चिकाटीवरचा उपदेश कृपया टाळावा.

नीटची विद्यार्थिनी, लातूर
उतारावरून घरंगळत येणाऱ्या गोळ्यावर घर्षण चढाच्या दिशेने का लागते, हे सरांनी फळ्यावर दाखवले की पटत असे आणि खोलीवर येऊन गणित हाती घेतले की दिशा पुन्हा हुलकावणी देत असे. तरीही अडण्याची जागा बदलत होती, म्हणजे कधी घर्षण, तर कधी टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, कोणत्या बिंदूभोवती घ्यावा हा प्रश्न, तोवर मी भौतिकशास्त्रातला रोटेशनल मोशन (फिरत्या वस्तूंची गती) हा घटक सोडला नाही. पुढे अडणे एकाच पायरीवर येऊन थांबले आणि उत्तर पाहूनही तसेच दुसरे गणित सुटेना, तेव्हा सूत्रांची सरळ गणिते पक्की करून मी जीवशास्त्राकडे वळले. 720 पैकी 360 गुण तिथेच असतात. रसायनशास्त्रातल्या जनरल ऑरगॅनिकबाबत (सेंद्रिय रसायनाचा पाया) मात्र असा विचारही केला नाही, कारण कार्बोकॅटायनची (धनभारित कार्बन असलेल्या आयनची) स्थिरता कळल्याशिवाय पुढच्या अभिक्रियांची निव्वळ घोकंपट्टी होते.

सीएचा विद्यार्थी, पुणे
आमच्याकडे प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि ग्रुपच्या, म्हणजे पेपरांच्या गटाच्या, बेरजेत 50 टक्के लागतात, त्यामुळे एका पेपरातली पडझड दुसऱ्या पेपराने पूर्णपणे झाकता येत नाही. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांतून तो घटक वगळून किती गुण उरतात, हे मांडल्याशिवाय मी काहीच सोडत नाही. कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र मांडणे) मी मायनॉरिटी इंटरेस्ट, म्हणजे उपकंपनीतल्या बाहेरच्या भागधारकांचा वाटा, काढण्यापर्यंत केले, त्यापुढचे गुंते ठेवून दिले.

यूपीएससी, नाशिक
सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, 2015 पासून पात्रतेपुरता आहे आणि 200 पैकी 33 टक्के गुण पुरतात, त्यामुळे पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन मी सुरुवातीलाच ओलांडले. पहिल्या पेपरात ही चैन परवडत नाही. शिवाय चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जात असल्याने अर्धवट येणारा घटक कधीकधी अजिबात न येणाऱ्यापेक्षा महागात पडतो.

गणिताची शिक्षिका
पान उलटण्यापूर्वी काय कळले नाही, ते एका वाक्यात लिहायला मी दहावीच्या मुलांना सांगते. वाक्य नेमके असेल, तर खुशाल पुढे जाऊ देते. ‘काहीच कळले नाही’ असे लिहिले असेल, तर अडचण बहुधा मागे असते. त्रिकोणमितीत अडलेल्यांना मला अनेकदा समरूप त्रिकोणांकडे परत न्यावे लागते.