बँडमध्ये माझा बेस ऐकूच येत नाही. मोठा ॲम्प घेऊ का?

खालची तार

नमस्कार मंडळी. दोन वर्षं बेस गिटार वाजवतोय, त्यातले गेले सहा महिने बँडमध्ये. आम्ही सहा जण आहोत: ड्रम्स, दोन गिटार, कीबोर्ड, गायिका आणि मी. माझ्याकडे चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) जॅझ बेस आणि दहा इंची एक स्पीकर असलेला ४० वॅटचा काँबो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. घरी आवाज एकदम भरदार लागतो. ॲम्पवरचा बेस नॉब (खालचे आवाज) जवळजवळ पूर्ण वर, ट्रेबल (वरचे) वर, मिड (मधले) अगदी खाली. पण सगळे एकत्र सुरू झाले की मी गायब. काहीतरी घुमतंय एवढं जाणवतं, सूर कळत नाही. मागच्या शोला गायिकेनं दोन गाण्यांच्या मध्ये वळून विचारलं, "तू वाजवतोयस ना?" ते अजून डोक्यातून जात नाही.

थोडे पैसे साठवलेत. ५०० वॅटचा हेड (नुसता ॲम्प) आणि मोठं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेऊ, की पाच तारांचा ॲक्टिव्ह (बॅटरीवरचा) बेस? की माझ्या बोटांतच खोट आहे? जे असेल ते स्पष्ट सांगा.

गडगडाट

४० वॅट घेऊन जोरदार ड्रमरसमोर उभं राहणं कठीण आहे, त्यामुळे वॅट वाढव. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की बोटं जोर लावायला लागतात, मग हात आखडतो आणि ताल पण पळतो. मी याच चक्रात वर्षभर अडकलो होतो. ५०० वॅट आणि दहा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट घे, हा प्रश्न परत पडणार नाही.

मंद्रसप्तक

गडगडाट म्हणतात ते हाताबद्दल अगदी खरं आहे. ॲम्प तुला कधीतरी घ्यावा लागेलच. पण आज घेतलास तर हाच न कळणारा आवाज जास्त मोठ्यानं येईल, म्हणून आधी पुढच्या तालमीत मिड वर कर आणि बेस नॉब मध्यावर आण.

मी १७ वर्षं शो वाजवतोय आणि पहिली चार वर्षं माझं सेटिंग हुबेहूब तुझ्यासारखं होतं. मग एका साउंडचेकला साउंड इंजिनिअरनं मला लांब केबल दिली आणि म्हणाला, खाली हॉलच्या मध्यावर येऊन वाजव, बाकीच्यांना स्टेजवर राहू दे. पहिल्यांदा मी आमचा बँड समोरून ऐकला. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) 'धप्' अशी यायची आणि तिच्यामागून माझा सूर पुढच्या ठोक्यापर्यंत नुसता लोळत यायचा. कुठला सूर आहे ते मलाच कळत नव्हतं, आणि वाजवत मीच होतो. त्यानं माझ्या चॅनेलवर खालचा भाग कापला, ७०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवलं आणि म्हणाला, आता वाजव. तेच गाणं, तीच बोटं. पण प्रत्येक सूर सुटा झाला, किकला जागा मिळाली आणि गाण्याला चाल आली. मग मी स्टेजवर जाऊन माझ्या ॲम्पवर तसाच आवाज लावला, तर तो एकट्यानं ऐकताना कोणीतरी नाक दाबून बोलल्यासारखा वाटला. बँड सुरू झाल्यावर मात्र तोच आवाज आपल्या जागी जाऊन बसला.

याचं कारण असं आहे. तुझ्या खालच्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. दहा इंची एकटा स्पीकर तो धडपणे काढूच शकत नाही. कानाला सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या सुरांमुळे: ८२, १२४, १६५ आणि पुढे. हार्मोनिक्स नीट पोचले तर मूळ सूर जवळजवळ नसतानाही मेंदू तो भरून काढतो. छोट्याशा रेडिओवर बेस 'ऐकू' येतो तो असाच. तू मिड खाली ओढतोस तेव्हा नेमका हा वरचा भागच पुसला जातो. वर राहतो तारांचा खणखणाट, तो सिंबल (ड्रम्सच्या झांजा) गिळतात. खाली राहतो घुमारा, तो किकमध्ये मिसळतो. घरी मधल्या जागेत दुसरं कोणी नसतं, म्हणून तिथं छान लागतं.

जॅझ बेसबद्दल आणखी एक गोष्ट. दोन्ही पिकअपचे (तारांचं कंपन टिपणारे चुंबक) व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की दोघांचे मधले सूर काही प्रमाणात एकमेकांना कापतात. मागच्या पिकअपचा नॉब थोडासाच मागे घे, एखाद्या केसाएवढा, आणि काय होतं ते ऐक. छातीतून आवाज यावा तसा मधला भाग पुढे येतो. किंचित हम वाढेल, पण बँडमध्ये तो कोणाला ऐकू येणार नाही.

काँबो जमिनीवर, कोपऱ्यात ठेवतोस का? बहुतेक ठेवतच असशील, सगळे ठेवतात. तसा ठेवलास तर स्पीकर तुझ्या पोटऱ्यांना ऐकवतो आणि कोपऱ्याच्या दोन भिंती घुमारा वाढवतात. त्याला खुर्चीवर ठेव, कानाकडे तोंड करून थोडा मागे कलता, आणि भिंतीपासून पुढे ओढ. फुकटातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडेल.

आता वॅटचं गणित. ४० चे ४०० केलेस, म्हणजे दहापट, तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून मी आकड्यापेक्षा स्पीकर किती आणि कसले ते आधी पाहतो. १९६९ मध्ये ॲम्पेगनं एसव्हीटी आणला तेव्हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह हेड आणि दहा इंची आठ-आठ स्पीकरची कॅबिनेट असा तो पसारा होता. मी तो एकदाच वाजवलाय. खाली मांडीपर्यंत सूर लागतो, ते विसरणं शक्य नाही. पण आता घरातलं माणूस तरी तसलं एक कॅबिनेट जिन्यावरून चढवायला येईल का? माझा रोजचा सेट म्हणजे अडीच किलोचा क्लास डी हेड आणि बारा इंची एकेक स्पीकरची दोन कॅबिनेट, एकावर एक उभी. वरचं कानाच्या जवळ येतं म्हणून कमी आवाजात भागतं. लोकांपर्यंत जायचं काम डीआयनं (ॲम्पमधून मिक्सरला जाणारी जोडणी) पीएमधून (हॉलचे मोठे स्पीकर) होतं. डीआय मी नेहमी 'प्री'वर (ॲम्पच्या नॉबच्या आधी) ठेवतो, म्हणजे मी स्टेजवर माझ्यासाठी नॉब फिरवला तरी बाहेरचा आवाज बिघडत नाही.

आणि बोटं. खोट आहे असं मी म्हणणार नाही, पण सूर किती वेळ ठेवायचा हे बहुतेकांना कोणी शिकवतच नाही. सुरुवात सगळे मोजतात, शेवट कोणी मोजत नाही. तालमीत एक गाणं असं वाजव: स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) पडला की त्याच क्षणी डाव्या हाताचं बोट तारेवरून सैल कर, उचलू नको, फक्त सैल कर. सूर तिथे मिटतो आणि स्नेअर आधीपेक्षा टणक वाटायला लागतो. ड्रमर वळून बघेल. नुसत्या बोटांनी जमत नसेल तर ब्रिजजवळ (तारा खाली अडकवतात ती पट्टी) तारांखाली फोमचा तुकडा सरकव. ही जुनीच युक्ती आहे. सुरुवातीच्या फेंडर बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली फोम यायचाच. मोटाऊन या अमेरिकन सोल कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्ड्स वाजवणारा जेम्स जेमर्सन १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर, फ्लॅटवाउंड (सपाट पत्तीनं गुंडाळलेल्या) तारांवर, उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं वाजवायचा. एक पिकअप, एक बोट, आणि सूर मिटतो कुठे ते ऐकत बस. मला त्याच्याकडून जेवढं मिळालं तेवढं कुठल्याच पेडलकडून मिळालेलं नाही.

काळीपांढरी

मी कीबोर्ड वाजवते, म्हणून आमच्या बाजूचं कबूल करते. तुमच्या बँडमध्ये कीबोर्डवाल्याचा डावा हात काय करतो ते बघ. एकट्यानं शिकताना आम्ही खालच्या सप्तकात मूळ सूर धरायला शिकतो आणि तीच सवय बँडमध्ये येते. तुझा सूर आणि तो सूर एकाच जागी आले की दोघांचा चिखल होतो. आमच्या बेसिस्टनं मला एकदा शांतपणे सांगितलं, "पहिलं कडवं डावा हात मांडीवर ठेवून वाजव." मी ठेवला. तेव्हापासून मधल्या सीच्या (कीबोर्डच्या साधारण मधोमधचा सूर) फार खाली जातच नाही, गेलेच तर तो थांबलेला असताना. गिटारच्या ॲम्पवर बेस नॉब वर असेल तर तेही तपास.

मंद्रसप्तक

काळीपांढरी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. बेसिस्टनं म्हटलं की तक्रार वाटते.

खालची तार

काल तालीम झाली. काँबो खुर्चीवर, मिड वर, बेस मध्यावर, मागचा पिकअप किंचित कमी. एकट्यानं वाजवून पाहिलं तेव्हा मला तो आवाज अजिबात आवडला नाही, खोटं कशाला सांगू. पण फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड केलं आणि रात्री ऐकलं. मी आहे! प्रत्येक सूर मोजता येतोय. स्नेअरवर सूर मिटवायचा प्रयोग निम्म्या गाण्यात जमला, निम्म्यात विसरलो, पण जिथे जमला तिथे ड्रमरनं खरंच मान वर केली. कीबोर्डवाल्या मित्राला डाव्या हाताचं सांगितलं, तो जरा फुगला, पण पुढच्या गाण्यात त्यानं स्वतःच हात काढला.

जोरदार गाण्यांत ४० वॅट अजून कमी पडतात, आवाज फाटतो. म्हणजे ॲम्प घ्यायचा हे ठरलं. दादा, पाच तारांचं काय? आणि फ्लॅटवाउंड लावू का? कॉन्सर्टमध्ये कुठे उभं राहावं हेही सांगा.

मंद्रसप्तक

मित्रा, वाचून खूप आनंद झाला. 'मी आहे' हे वाक्य तर फारच आवडलं.

पाचवी तार आवाज ऐकू येण्यासाठी घेऊ नकोस. ती ३१ हर्ट्झची, तुझा त्रास आणखी खाली नेईल. गायिकेच्या पट्टीमुळे गाणी सारखी डी किंवा ई फ्लॅटमध्ये पडत असतील आणि खालचा सूर हवासा वाटत असेल, तर जरूर घे. मी पाच तारांचा त्यासाठीच ठेवलाय, दहा शोंपैकी तीनला नेतो. ॲक्टिव्ह घेतलास तर नऊ व्होल्टची बॅटरी हा नवा पाहुणा सांभाळावा लागतो. जॅक आत असेपर्यंत ती खर्च होत राहते, वाजव किंवा नको वाजवू. मी एकदा केबल लावून बेस रात्रभर स्टँडवर तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात आवाज फरफरायला लागला. आधी वाटलं केबल गेली. केबल बदलेपर्यंत आवाज पूर्ण बसला. ड्रमरनं किकवर एकट्यानं अंतरा ओढला, गायकानं टाळ्या घेतल्या, आणि मी मागे वाकून स्क्रू काढत होतो. त्या दिवसापासून वाजवणं थांबलं की पहिला जॅक बाहेर, आणि गाडीत एक पॅसिव्ह बेस असतोच.

फ्लॅटवाउंड लाव, पण गाणी बघून. सोल, जुनी पॉप गाणी, संथ चाली असतील तर त्या तारा अशा बसतात की काढवत नाहीत. बोटाखाली काचेसारख्या लागतात, फ्रेटवर घासल्याचा आवाज येत नाही, आणि सूर सुरुवातीला गोल येऊन लवकर विझतो. स्लॅप (अंगठ्यानं तारा आपटून) वाजवायचं किंवा गिटारच्या भिंतीसमोर उभं राहायचं असेल तर राउंडवाउंड (गोल तारेनं गुंडाळलेल्या) ताराच हव्यात. फ्लॅटचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे बेसच्या मानेला थोडा बाक येऊ शकतो. लावल्यावर दोन दिवसांनी ट्रस रॉड (मानेतली, बाक जुळवायची सळई) बघून घे. माझ्या प्रिसिजनवर आठ वर्षं त्याच तारा आहेत.

तुझा कीबोर्डवाला मित्र सांभाळ. जो माणूस फुगून का होईना, पुढच्याच गाण्यात हात काढतो, त्याच्याबरोबर मी कुठेही वाजवायला जाईन. माझ्यापेक्षा कितीतरी तयारीचे लोक असलेला एक बँड मी सोडला, कारण तिथे प्रत्येक जण फक्त स्वतःचा मॉनिटर (वादकाकडे तोंड असलेला स्पीकर) वाढवायला सांगायचा आणि शेवटी स्टेजवर नुसता गोंगाट उरायचा.

उभं राहायचं ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायानं मिटणारी झांजांची जोडी) बाजूला, दोन हातांवर. तिथून त्याचा किकवरचा पाय दिसतो आणि पाय हलायच्या आधी गुडघा उचलला जातो तोही दिसतो. मी त्या गुडघ्याबरोबर वाजवतो. फक्त तिथे सिंबल थेट कानात येतात. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. त्यामुळे ॲम्पच्या आधी वादकांसाठीचे कानातले प्लग घे, जे सगळा आवाज सारखाच कमी करतात. माझ्या उजव्या कानात पहिल्या काही वर्षांची बारीक शीळ राहिली आहे, रात्री सगळं निजलं की ऐकू येते. तुझे कान अजून कोरे आहेत.