मदत हवी आहे: सिम्युलेशन मॉडेलमध्ये रांगच लागत नाही

अर्ज छाननीच्या प्रक्रियेचं मॉडेल सिमपायमध्ये (पायथनमधली सिम्युलेशनची लायब्ररी) केलंय. दर 6 मिनिटांनी एक अर्ज येतो, तपासायला 5 मिनिटं लागतात, तपासणारा एकच. मॉडेलमध्ये थांबण्याचा वेळ शून्य येतो, प्रत्यक्षात अर्ज 20-25 मिनिटं पडून असतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1
6 आणि 5 या सरासरी आहेत, त्या तुम्ही स्थिर आकडे म्हणून घातल्यात. त्यामुळे प्रत्येक अर्ज येण्याआधी आधीचा संपलेला असतो. रांग लागते ती चढउतारामुळे. दोन्ही वेळा घातांकी वितरणातून (बरेचसे लहान, अधूनमधून मोठे असे यादृच्छिक आकडे) घ्या: ताशी 10 अर्ज येतात, ताशी 12 निपटतात, म्हणजे रांगेच्या सूत्रानं सरासरी प्रतीक्षा 25 मिनिटं. फक्त तपासणीचा वेळ स्थिर ठेवलात तर ती निम्मी, 12.5 मिनिटं होते. शिकायला हाच प्रयोग उत्तम, कारण उत्तर सूत्रानं पडताळता येतं. कोड त्या उत्तराजवळ पोचत नसेल तर पुढचे टप्पे जोडूच नका.

प्रतिसाद 2
नोंदींमधून वेळ काढताना जपा. अर्ज मिळाल्यापासून निकालापर्यंतचा वेळ म्हणजे तपासणीचा वेळ नव्हे, त्यात प्रतीक्षाही असते. तोच आकडा मॉडेलला दिलात तर प्रतीक्षा दोनदा मोजली जाते. काम हातात घेतल्याची वेळ नोंदलेली नसेल तर थोडे अर्ज घड्याळ लावून मोजा. माणसाच्या कामाला बहुधा लॉगनॉर्मल वितरण (कधीच ऋण न होणारं, मोठ्या वेळांकडे लांब शेपूट असलेलं) बरं बसतं. नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) वापरलंत तर कधीकधी ऋण वेळ येतो.

धागाकर्ता
घातांकी केलं. 8 तासांचा एक दिवस चालवला तर कधी 9 मिनिटं येतात, कधी 40. बग आहे का?

प्रतिसाद 1
बग असेलच असं नाही. दिवसाला जेमतेम 80 अर्ज, त्यात 83 टक्के भार (10 भागिले 12), एवढा फरक पडतोच. सूत्राशी ताळा करायचा असेल तर एकच धाव काही लाख अर्जांची घ्या आणि सुरुवातीचा भाग गाळा, कारण मॉडेल रिकाम्या रांगेनं सुरू होतं. पण प्रत्यक्षात रोज सकाळी रांग रिकामी असेल तर तो भाग गाळायचा नाही, तो वास्तवाचाच भाग आहे. अशा वेळी वेगवेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे अंक) देऊन निदान 30 दिवस चालवा, सरासरीसोबत विश्वासांतरही (खरी सरासरी ज्यात असावी असा अंदाजी पल्ला) द्या. ते रुंद वाटलं तर दिवस वाढवा, चौपट केलेत की ते साधारण निम्मं होतं.

प्रतिसाद 2
सकाळी अर्जांची गर्दी असेल तर दिवसभर एकच दर नको, तासागणिक वेगळा द्या. जेवणाची सुट्टीही घाला, ती विसरली की मॉडेल हमखास आशावादी निघतं.