अनुभव धागा: मोटरहोमच्या खिडक्यांचे पडदे, दुरुस्ती की बदली?

मोटरहोम, म्हणजे आपली राहायची गाडी, जुनी झाली की इंजिनाआधी पडदे कुरकुरायला लागतात. चुण्यांचे पडदे अर्ध्यात लोंबकळतात, रोलरचे वर जायचं नाव घेत नाहीत. तुम्ही दुरुस्त केलेत की काढून टाकलेत? आणि का? सविस्तर लिहा.

खटपट्या: चुण्यांच्या पडद्याचं कापड सहसा धडधाकट असतं, जाते ती दोरी. ती चुण्यांच्या भोकांतून, मग पट्टीतून खाली येते आणि खिडकीखालच्या गुंडीला ताणून गुंडाळलेली असते. पडदा हवा तिथे थांबतो तो या ताणामुळेच. सैल पडली की घसरतो, जास्त ताणली की हलवताना दम निघतो. तुटते ती बहुतेक पट्टीच्या भोकाशी घासून. तिथे बोट फिरवा, तुटायच्या आधीच लव हाताला लागते. उतरवण्याआधी दोऱ्यांच्या वाटांचे फोटो काढाच, विशेषतः डे-नाइट पडद्यात (एक कापड उजेड आत सोडणारं, दुसरं अडवणारं). दोन कापडं, मधे पट्टी, आणि खोलल्यावर कुठली दोरी कुठली ते देवालाच ठाऊक! जुनी दोरी शाबूत असेल तर तिच्या टोकाला नवी चिकटपट्टीने जोडून ओढून घ्यायची. एक तुटली की सगळ्या बदलतो मी. बाकीच्यांचं वयही तेवढंच असतं.

सुईदोरा: कापड धडधाकट हे सावलीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं सांगताय. आमच्या उन्हाकडच्या खिडकीचं कापड प्रत्येक घडीवर तडकलं होतं, दोरी मात्र ठणठणीत. नवेच बसवले. माप रुंदीचं वर, मधे आणि खाली घेतलं, सगळ्यांत कमी निघालं ते धरलं. खिडकीची चौकट दिसते तितकी सरळ नसते. आणि स्क्रू जुन्याच लांबीचे वापरा. भिंत पातळ असते, लांब स्क्रू थेट बाहेरच्या पत्र्याशी भेटतो.

मुक्कामपोस्ट: आमच्याकडे चौकटीतच पडदा आणि मच्छरजाळी, दोन्ही रोलरवर. पडदा वर जाईना म्हणजे स्प्रिंगचा पीळ उतरलेला. रोलरच्या टोकाची चपटी पिन पकडीने धरूनच बाहेर काढायची, नाहीतर उरलासुरला पीळही भर्रकन सुटतो. थोडे वेढे देऊन पडदा ओढून बघायचा, कमी वाटला तर आणखी. जास्त दिलेत तर हात सुटताच पडदा धाडकन वर आपटतो.
शिवाय खिडकी ॲक्रिलिकची असेल तर कडक उन्हात ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारा पडदा, पूर्ण बंद ठेवू नका. मधे उष्णता कोंडून खिडकी वाकू शकते. थोडी फट हवीच.

रातकिडा: मी दोन्ही भानगडींतून सुटलो. चंदेरी बबल-फॉइल खिडकीच्या मापाने कापलं, कडेला कापडी पट्टी शिवली. बसवणं-काढणं रोजचं, आणि थंडीत फॉइलमागे काचेवर दव साचतं ते पुसावं लागतं. पुढच्या मोठ्या काचेला मात्र बाहेरून आच्छादन घालतो. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यात काय अर्थ? दिसायला गबाळं आहे, मान्य.

सुईदोरा: @रातकिडा, बाहेरचं आच्छादन पावसात भिजलं की ठेवता कुठे?

रातकिडा: बाथरूममध्ये. मग आंघोळ करायची असली की ते बिछान्यावर. बायकोचं यावर वेगळं मत आहे.

खटपट्या: पुढच्या काचेचा मोटरवरचा पडदा अडलाय कोणाचा? मोटर बदलायच्या आधी फ्यूज बघा, मग मोटरपाशी १२ व्होल्ट येतात का ते मीटरने तपासा. मोटर फिरत असेल आणि पडदा नाही, तर घोटाळा रोलरच्या टोकाच्या जोडणीत.