सहावीचा वर्ग छडीशिवाय कसा सांभाळायचा? (बीएड इंटर्नशिप, कोल्हापूर)

रंकाळ्याकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित आणि विज्ञान मेथड. आमची 16 आठवड्यांची इंटर्नशिप सुरू झालीय, करवीर तालुक्यातल्या एका शाळेत, नाव लिहीत नाही. मला सहावी ब दिलीय, पटावर 52 पोरं.

मार्गदर्शक मॅडम मागं बसलेल्या असतात तेव्हा वर्ग एकदम शहाणा असतो. त्या ऑफिसला गेल्या की पाचव्या मिनिटाला बाजार. परवा दशांश अपूर्णांकाचा पाठ होता, टाचण दोन रात्री बसून लिहिलेलं, तक्ते केलेले, आणि 35 मिनिटांच्या तासातलं माझं सगळं 15 मिनिटांत संपलं कारण मी नुसती बोलतच सुटले होते. मग काय, कोण बाकाखाली, कोण कंपास वाजवतंय, दोघं फुटबॉलच्या मॅचवरनं भांडायला लागली. मी किती वेळा गप्प बसा म्हणलं मोजलं नाही, घसा बसला. शेवटी शेजारच्या वर्गातले सर आले, टेबलावर छडी आपटली आणि सगळं शांत. ते गेल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा अगदी साधेपणानं म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण छडी आणा की, मग आम्ही गप्प बसतो." हे मला फार लागलं. त्याला वाटतंय शांत बसायचं ते छडीसाठीच असतं.

अजून एक. हाच मुलगा पहिल्या तासाला झोपतो. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, रात्री मोबाईल बघतोस का म्हणून बोलले. मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीनं सांगितलं, "मॅडम, तो पाचला उठून दूध घालायला जातोय डेअरीला, मी रोज बघतो त्याला." (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी पण घरी तशीच बोलते.) तेव्हापासून त्याच्याकडं बघवत नाहीये. कॉलेजात सूक्ष्म पाठ (एकेका कौशल्याचे छोटे सराव पाठ) घेतले, सज्जता प्रवर्तन म्हणजे पाठाची सुरुवात, प्रश्न कौशल्य, फलक लेखन सगळं झालं, पण समोर आपल्याच दहा मैत्रिणी बसलेल्या असायच्या. खरा वर्ग कसा धरायचा, प्लीज सांगा.

जुना खडू

ताई, मी 22 वर्षं सहावी ते आठवीलाच शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे छडी विषयच संपवा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, नुसती आपटली तरी ती धमकीच. त्या सरांशी मात्र वाद घालू नका, तुम्ही पाहुण्या आहात. 'सर, उद्या मी एकटीच प्रयत्न करते, तुम्ही नका येऊ' एवढंच नम्रपणे सांगा.

दुसरं, कायद्यात या वर्गांना 35 मुलांमागं एक शिक्षक म्हणलंय आणि तुमच्यापुढं 52 आहेत, त्यामुळं आवाज होणारच, तो तुमचा दोष नाही. पिनड्रॉप सायलेन्सच्या मागं लागूच नका. पोरं कामाला लागली की जी कुजबुज होते ती चालू दे. कामाशिवाय बसली की गोंधळ होतो, तुमच्या 15 मिनिटांनंतर तेच झालं. म्हणून टाचणात 'मी काय बोलणार' याच्या शेजारी 'तेव्हा पोरांचे हात काय करणार' हा रकाना आखा आणि तो एकदाही रिकामा ठेवू नका.

वर्गात जायच्या आधी दारात उभं राहा, प्रत्येकाला नावानं आत घ्या. नावं येत नसतील तर बाकांचा नकाशा काढून रात्री पाठ करा, खरंच करा, 'ए निळा स्वेटर' म्हणलं की पोरगं ऐकत नाही. हजेरीच्या आधी फळ्यावर एक गणित लिहून ठेवा. फळ्याकडं तोंड करून दोन ओळींच्या वर लिहू नका. आणि ओरडायच्या जागी थांबा. निम्मी पोरं गप्प झाली की हळू आवाजात पुढचं बोला, बाकीची ऐकायला पुढं सरकतात. पहिल्या दिवशी होणार नाही, आठवडा लागतो.

गडहिंग्लजकर

मी पण इंटर्नशिपलाच आहे, आठवी. मला तर वाटतं पहिले पंधरा दिवस कडकच राहायला पाहिजे, मी एकदा हसलो आणि वर्ग हातातनं गेला तो गेलाच.

जुना खडू

कडक राहा की, पण नियमाला. गृहपाठ बघणार म्हणलं तर त्या दिवशीच बघायचा, पन्नास वह्या असल्या तरी. पोरांना हसणारा मास्तर चालतो, बोललेलं विसरणारा चालत नाही.

धारकरी पालक

मी शेतकरी, तीन म्हशी आहेत, माझा पण मुलगा सहावीला आहे आणि सकाळी दूध तोच घालतो. ताई, तो पोरगा आळशी नसतो हो, घरात आजारपण असेल नायतर बाप ऊसतोडीच्या गडबडीत असेल. एक सांगतो, डेअरीत मशीनवर फॅट लागतं, स्लिप मिळते, लिटर, फॅट, दर सगळं पॉइंटमध्ये. माझ्या पोराला पुस्तकातले दशांश येत नाहीत पण फॅट 6.8 वरनं 6.3 वर आलं की घरी येऊन आधी पेंड कमी पडली का विचारतो. त्या मुलाला एकदा स्लिप घेऊन यायला सांगा. आणि सगळ्यांसमोर बोललाय तर माफी पण सगळ्यांसमोरच मागा, पोरं ते लक्षात ठेवतात.

रंकाळ्याकाठची

दहा दिवसांनी लिहितेय, सॉरी. सोमवारी हजेरी झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, मी न विचारता बोलले, माझं चुकलं. वर्ग एकदम गप्प झाला आणि तो मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसला, मला वाटलं अजून लाजवलं की काय. पण दुसऱ्या दिवशी वहीत घालून चार स्लिपा घेऊन आला, घाम लागून मऊ पडलेल्या, एकीवर दुधाचा डाग.

फळ्यावर मी 6.5 आणि 6.12 लिहिलं, मोठं कुठलं विचारलं. जवळजवळ सगळे हात 6.12 ला. तो म्हणाला, "न्हाई मॅडम, साडेसहा मोठं. ते दुसरं सव्वासहा पण न्हाई." पुढच्या बाकावरची एक मुलगी भांडायलाच उठली, 12 मोठे का 5 मोठे सांग म्हणून. तो उठला, फळ्यापाशी आला, खडू घेऊन 5 च्या पुढं एक शून्य काढलं आणि म्हणाला, "आता बघ, पन्नास आणि बारा." मग गटागटानं स्लिपा वाटल्या, लिटर गुणिले दर करून पैसे बरोबर लागलेत का तपासायला लावलं. आवाज भरपूर होता, पण सगळा हिशोबाचा. शेजारचे सर दारापर्यंत आले, बघितलं आणि परत गेले.

ऑफ तासाला अजून जमत नाही, काल परत घसा बसला. आणि झोप येतेच त्याला, म्हणून मॅडमना विचारून त्याची जागा खिडकीजवळ केलीय. शुक्रवारी कॉलेजचे सर पाठ बघायला येणार आहेत, विषय दशांशांचा भागाकार. त्यासाठी पोरांच्या हाताला काय देता येईल, कुणाला सुचतंय का?

धारकरी पालक

दहा दिवसाचं बिल द्या की. एकूण पैसे भागिले एकूण लिटर, सरासरी दर निघतो. आमच्याकडचं हवं असेल तर सांगा, नाव खोडून फोटो टाकतो.